चौथ्या गाण्यातला शब्द

क्लीव्हलंडमध्ये, सेंट क्लेअर अव्हेन्यूवर,
जिथे स्लोव्हेनियन लोकांची बेकरी होती
तिच्या तळघरात झुपानचा स्टुडिओ आहे.
भिंतींना अजून यीस्टचा वास येतो,
आणि दमट दिवसांत माझा डबल बास
कणकेसारखा फुगतो.

फेब्रुवारी होता. आम्ही तीन म्हातारे,
पियानोवर लाव्हेल, ड्रमवर ऑर्व्हिल, आणि मी,
आणि काचेपलीकडे ऑडेलिया प्रूइट, वय तेवीस,
दिवसा दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी,
पायात मोज्यांवर मोजे.

दहा गाणी. सगळी जुनी.
माझ्या वडिलांच्या लग्नात वाजलेली,
मग लिफ्टमध्ये, हॉटेलांच्या लॉबीत,
विमान उडायच्या आधी,
वाजून वाजून नाण्यावरचा राजा पुसला जावा
तशी गुळगुळीत झालेली.
चाळीस वर्षं वाजवतोय मी ती.
खरं सांगू? ऐकत नव्हतो.
बोटं आपली वाटेने घरी जायची
आणि मी मनात वीजबिल भरत बसायचो.

पहिल्याच गाण्याला ती समेच्या मागे राहिली.
वाटलं, घाबरली.
मी जरा रेटलं, चालायला शिकणाऱ्या पोराच्या
पाठीला हात लावतो तसं.
ती हलली नाही.
शब्द ओठांशी धरून बसली,
कॉफी निवायची वाट बघावी तशी.
मग सोडला,
आणि ऑर्व्हिलने माझ्याकडे पाहिलं.
तेवढंच.
अकरा वर्षांत त्या माणसाने
गाणं चालू असताना कुणाकडे पाहिलेलं नाही.

चौथ्या गाण्याला झुपानने काचेवर टकटक केलं.
"कागदावर विंटर आहे. तू विंडो म्हणतेयस."
तिने कागद वाचला. उलटून पाठही पाहिली.
"मला आईने असंच शिकवलं."

आई म्हणजे लुरीन. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात
यंत्रांच्या वरताण गायची,
आणि शाळेतून आलेली पोरगी
वाफेत उभी राहून चादरीचं दुसरं टोक धरायची.
त्या गदारोळात कुणाला ऐकू येणार विंटर?
मूळ गाण्यात तो विंटर ओलांडून येतो म्हणे.
लुरीनच्या गाण्यात विंडो ओलांडून,
एक पाय आत, एक बाहेर,
बूट हातात.

लाव्हेल म्हणाला, राहू दे ना, कोण बघतंय.
ती म्हणाली, "नको. पहिला अल्बम आहे.
बरोबर म्हणते."
तीन टेक झाले. विंटर, विंटर, विंटर.
तिसरा ठेवला. सूर चोख होता.
मला उगाच खोली बंद झाल्यासारखी वाटली,
पण मी बास वाजवतो, माझं कोण विचारतं.

एप्रिलमध्ये अल्बम आला.
कव्हरवर ती, मोहरीच्या रंगाच्या कोटात,
कोट लाव्हेलच्या बायकोचा.
सीडी लागते अशी गाडी फक्त माझ्याकडे,
म्हणून हॉस्पिटलमागच्या पार्किंगमध्ये
लुरीनच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं.
वीस मिनिटं. तिची बोटं पाण्याने सुरकुतलेली.
तीन गाणी ती सँडविच खात राहिली, शब्द नाही.
चौथ्याला हात वर केला.
"इथे चुकलीस. विंडो आहे ते."

आरशातून ऑडेलियाने माझ्याकडे पाहिलं.
छापील कागद माझ्याच डॅशबोर्डमध्ये होता.
"हो," मी म्हटलं, "चुकलीच.
आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही."
"पुढच्या वेळी मला विचारत जा,"
लुरीन म्हणाली, आणि चुरा झटकून
कामावर गेली.

आता गुरुवारी रात्री आम्ही वाजवतो,
मासळीच्या हॉटेलात, वरच्या मजल्यावर.
चौथं गाणं येतं. ती त्या शब्दापाशी थांबते,
विं-
आणि पुढे काय येणार ते मला माहीत नसतं.
कधी हे, कधी ते.
माझं बोट तारेवर, कान तिच्या ओठांवर.

गेल्या महिन्यात
वीज तोडायची नोटीस आली.